वीण उसवताना

१

'साफ करून द्या' असं गिऱ्हाईक म्हणालं, की कॅसेटवाल्याच्या कपाळावर आठी पडायची. साफ करायला ते काय खरकटं भांडं आहे?

त्याचं काम तसं सरळ होतं. लोकांच्या माळ्यावर, पलंगाखाली, कपाटाच्या तळाशी पडलेल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट घ्यायच्या, प्लेअरमध्ये घालून कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि पेनड्राइव्हमध्ये भरून परत द्यायच्या. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्याआड यंत्रं. लोक यायचे, आपली लग्नं-बारशी टीव्हीवर बघता येणार म्हणून खूश होऊन जायचे. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, दातांवरून.

आता हे दात काय, ते सांगायला हवं. जुन्या कॅसेटवरचं चित्र अखंड नसतं. दोन अर्धी चित्रं एकमेकांत विणलेली असतात. आधी विषम ओळींचं अर्धं चित्र, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यामागून सम ओळींचं. जुना खोकेवाला टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा आणि आपले डोळे खुशाल फसायचे. नवा सपाट टीव्ही दोन्ही एकदम मांडतो. मग तेवढ्या अवधीत जे हललं असेल त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात फुटतात. धावणारं पोर दातेरी दिसतं, मागची भिंत स्वच्छ. भिंत बिचारी कुठे हलते?

दात घालवायचे तर वीण उसवायची. अर्ध्या ओळी फेकायच्या आणि उरलेल्या ताणून जागा भरायची. कॅसेटवाल्याला हे मुळीच पसंत नव्हतं. "अहो, टीव्हीत सेटिंग असतं," तो गिऱ्हाइकांना समजवायचा. "ते लावा, टीव्ही त्याचं तो निस्तरेल. दोन्ही अर्धी असू देत ना! आपण कोण फेकणारे? एकदा फेकलं की गेलंच."

असं जन्मभर सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरच्या कॅसेटची वीण मात्र स्वतःच्या हाताने उसवली. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

त्याची ताई एका दुपारी कापडी पिशवी घेऊन दुकानात आली. आई ताईकडे राहायची. तिथला जुना टीव्ही अखेर मान टाकून बसला होता आणि ताईने नवा घेतला होता. पण आईला दुपारी घरच्या कॅसेटच बघायच्या असत.

"एवढ्या उतरवून दे," ताईने पिशवी काउंटरवर ठेवली. "आणि ते दात-बित असतात ना, ते काढ. साफ करून दे."

"तूसुद्धा?"

"ऐक रे माझं एकदा. एकच चित्र ठेव, बास." ती हसत नव्हती. "तू आहेस ते ठेव."

याला वाटलं, हिला त्यातलं काही कळत नाही, उगाच बोलतेय. संध्याकाळी आईचाच फोन आला. "हे बघ, ताई काही म्हणो, तू जसंच्या तसं दे. काही काढू-बिढू नकोस. माझं पोर आहे त्यात."

आई असं कधी बोलायची नाही. ती वाईट वागली असं कुणी म्हणणार नाही. वेळेवर जेवण, धुतलेले कपडे, आजारपणात उशाशी बसणं, सगळं केलं तिने. पण जवळ घेणं नाही. बोलतानाही तिची नजर याच्या कानाजवळून पलीकडे कुठेतरी जायची. 'तिचा स्वभावच तसा,' ताई म्हणायची. याच्याकडे पुरावा म्हणून एकच गोष्ट होती. लहानपणच्या एका वाढदिवसाच्या कॅसेटमध्ये आईचा हात याच्या खांद्यावर होता. ती कॅसेट त्याने जुन्या टीव्हीवर कितीदा बघितली असेल, देव जाणे.

आणि आज आई म्हणाली, माझं पोर. तो मोठ्या हौसेने कामाला बसला.

२

त्यांच्या घरच्या कॅसेट बघणं म्हणजे शिक्षा होती, हेही सांगून टाकतो. कारण त्याचे बाबा.

बाबा आता नाहीत. पण त्यांना आयुष्यभर फोटोच काढायची सवय, आणि व्हिडिओ कॅमेरा हाती आला तरी ती सुटली नाही. सगळ्यांना ओळीने बसवायचे आणि ओरडायचे, "श्वास रोखा! हलू नका कुणी!" मग पाहुणेमंडळी, घरचे, सगळे पुतळ्यासारखे बसायचे, बाबा कॅमेऱ्यातून बघत राहायचे, आणि बरंच बघून झाल्यावर म्हणायचे, "झालं." तोवर एखादा मामा गुदमरून लाल व्हायचा. "अहो, यात हललं तर चालतं," असं त्यांना सांगून सगळे थकले. त्यामुळे त्यांची प्रत्येक कॅसेट अशा चिडीचूप पुतळ्यांनीच सुरू व्हायची.

कॅसेटवाल्याने आधी वाढदिवसाचीच लावली. पडदा ओढला, चहाचा कप बाजूला ठेवला, आणि चित्र आलं. तीच खोली. भिंतीला लावलेले फुगे, टेबलावर केक, मधल्या खुर्चीत हा स्वतः, शेजारी दोन वेण्यांची ताई, मागे आई. सगळे श्वास रोखून बसलेले. कुणाला कुठे एक दात नाही. कसा असेल? कुणी हललंच नव्हतं.

फक्त मधल्या खुर्चीतला मुलगा दातेरी होता.

डोक्यापासून मांडीवरच्या हातांपर्यंत त्याच्या कडा फुटल्या होत्या. चेहऱ्यावर तर ओळींची नुसती खिचडी, आणि खांद्याजवळचा आईचा हातही त्याच खिचडीत. कॅसेटवाल्याने चष्मा पुसला. पोर हलत असेल, चुळबुळ्या तर होताच. पण हललेल्या गोष्टीचे दात कमी-जास्त होतात, येतात-जातात. हे दात होते तिथेच, तेवढेच. जसं काही ते पोर जराही हललं नव्हतं आणि तरीही दोन जागी होतं.

मग त्याने सगळे उपाय केले. प्लेअरचं हेड पुसलं. दुसऱ्या प्लेअरमध्ये कॅसेट लावली. वायर बदलली. कॅसेट ओलाव्याने खराब झाली असेल म्हणून पुढे-मागे फिरवून सैल केली. हेड बिघडलं तर सगळं चित्र बिघडायला हवं, आणि इथे फुगे, केक, ताईच्या वेण्या, सगळं लख्ख. शेजारच्या दुकानातल्या चाव्या बनवणाऱ्याला त्याने पडद्याआड बोलावलं.

"हा कोण, तूच का?" चावीवाला म्हणाला. "की जुळे होतात?"

"जुळे कशाला असू?"

"मला काय कळतंय त्यातलं. डोळे चार दिसतात बाबा," असं म्हणून तो हसत निघून गेला. कॅसेटवाल्यालाही हसू आलं, पण ते ओठांवरच विरलं.

३

बिघाड विषम ओळींत आहे की सम, हे बघायचं तर वीण उसवल्याशिवाय इलाज नव्हता. 'फेकत काही नाही, नुसतं वेगळं करून बघतोय,' असं त्याने स्वतःला बजावलं.

आधी विषम ओळी. चित्र स्वच्छ झालं, आणि खुर्चीत हा होता. गाल फुगवून श्वास रोखलेला, डोळे वटारलेले. चला, म्हणजे बिघाड पलीकडच्या ओळींत. त्याने सुस्कारा सोडला आणि मग त्याला आईचा हात दिसला. तो खुर्चीच्या पाठीवर होता. खांद्यापासून चांगला वीतभर लांब.

त्याने सम ओळी लावल्या.

तीच खोली, तेच फुगे, तीच ताई. खुर्चीही तीच, आणि शर्टही तोच, खालचं बटण लोंबकळणारा. आत मुलगा मात्र वेगळा. गोल चेहरा, एक कान जरा बाहेर आलेला. याच्यासारखा अजिबात नाही. भाऊ म्हणूनसुद्धा कुणी खपवून घेतलं नसतं. आईचा हात त्या मुलाच्या खांद्यावर होता, आणि तिचा अंगठा हळूहळू त्याच्या मानेवरून फिरत होता. त्या सगळ्या पुतळ्यांमध्ये तेवढाच एक अंगठा हलत होता.

तरी कॅसेटवाल्याचं डोकं आपलं वकिली करतच होतं. जुन्या रेकॉर्डिंगवर नवं केलं असेल, खालचं पुसलं गेलं नसेल. बरं, मग खालच्या रेकॉर्डिंगमध्येही तोच केक, तेच फुगे, आणि याचाच शर्ट? कुणी पाहुण्याचा मुलगा असेल, त्याला घातला असेल शर्ट. ठीक आहे, पण एकाच खुर्चीत, एकाच क्षणी?

त्याने चित्र पुढे जाऊ दिलं. आवाजाला ओळी नसतात, तो दोन्हीकडे एकच. बाबा म्हणाले, "झालं." विषम ओळींत हा खुर्चीतून टुणकन उठला आणि पळाला, चित्रातून बाहेरच गेला. सम ओळींत तो मुलगा बसूनच राहिला आणि मान वळवून सरळ कॅमेऱ्यात बघू लागला. बाबांचा आवाज आला, "शाबास रे माझ्या वाघा!"

ते शब्द कॅसेटवाल्याला पाठ होते. श्वास रोखून धरल्याबद्दल बाबांनी आपल्याला दिलेली शाबासकी म्हणून ते त्याने आयुष्यभर जपले होते. पण बाबा बोलले तेव्हा हा चित्रात नव्हताच. विषम ओळींत त्या वेळी नुसती रिकामी खुर्ची होती.

४

यानंतर शहाण्या माणसाने यंत्रं बंद केली असती. याने पिशवीतून स्वतःच्या लग्नाची कॅसेट काढली.

तिथेही बाबा होतेच, 'हलू नका' होतंच. दोन सजवलेल्या खुर्च्या. विषम ओळींत हा सुटाबुटात अवघडलेला आणि शेजारी बायको, समोर बघणारी, ओठ मिटलेले. बरोबरच होतं. त्या दिवशी ती याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. लाजत असेल, असं तेव्हा वाटलं होतं.

सम ओळींत याच्या सुटात दुसराच तरुण बसला होता. कान तसाच बाहेर आलेला. कॅसेटीगणिक तोही वाढला होता तर! आणि बायको त्याच्याकडे झुकून त्याच्या कानात काहीतरी सांगत होती, सांगता सांगता हसत होती, इतकी की तिने डोळ्यांच्या कडा टिपल्या. इतक्या वर्षांच्या संसारात ती याच्यापाशी एकदाही तशी हसली नव्हती.

घर दुकानाच्या वरच होतं. तो जिना चढून गेला. बायको खिडकीपाशी वाळलेले कपडे घड्या करत होती. खोलीत ऊन होतं, कुकरची शिट्टी झाली, सगळं रोजच्यासारखंच.

"लग्नाच्या दिवशी," तो दारातूनच म्हणाला, "खुर्चीत बसल्यावर कानात काय सांगत होतीस?"

तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तो वाट बघत होता, की ती म्हणेल, भलतंच काय, कुणाच्या कानात? ती तसं म्हणाली असती तर त्याने कॅसेट जाळून टाकली असती आणि सुखाने जेवला असता.

"अहो, पण ते तुम्हाला कसं दिसलं?" ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही असं म्हणाल्या होत्या सासूबाई."

"काय दिसत नाही?"

तिने टॉवेलची घडी पुरी केली, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. "हातपाय धुऊन घ्या," ती म्हणाली. "भात झालाय."

तो जेवला नाही. त्याला जेवणार का म्हणून पुन्हा कुणी विचारलंही नाही. दुकानात परत येऊन त्याने शटर अर्धं खाली ओढलं आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. वाढदिवसाच्या कॅसेटच्या त्याने दोन फाइली बनवल्या. एकीत नुसत्या विषम ओळी, दुसरीत नुसत्या सम. दुसरी पुसून टाकायची असं त्याने ठरवलं होतं. पण आयुष्यभराची सवय. फेकायला हात धजला नाही; दोन्ही पेनड्राइव्हमध्ये गेल्या.

५

रविवारी दुपारी ताईकडे जमायचं ठरलं होतं. बायको पुढे वर गेली. ताई जिन्यातच उभी होती, याला गाठायला.

"केलंस ना साफ?" तिने हळू आवाजात विचारलं.

"तुला माहीत होतं."

ताई कठड्याला टेकली. "जुन्या टीव्हीवर आम्हाला दोघंही दिसायचे. एक गेला की एक. लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या घरी तसंच असतं. मग कळलं की तुला दिसत नाही."

"आणि तुम्ही कुणी मला सांगितलं नाहीत? आजवर? ताई, हे केसाने गळा कापणं झालं!"

"काय सांगायचं होतं रे? तू मजेत असायचास. ती कॅसेट लागली की आईचा हात बघून किती खूश व्हायचास. कुणाच्या तोंडून निघणार होतं?" ताईने डोळे पुसले. "म्हणून तर म्हणत होते, साफ कर आणि तुझं तेवढं ठेव. नव्या टीव्हीवर आईला दुसरं दिसायलाच नको. विषयच संपला असता."

"तो कोण आहे?"

ताईने मान हलवली. "आईला कधी विचारू नकोस. मी एकदा विचारलं होतं, तर तिने मलाच विचारलं, की 'तुला कोणता म्हणायचाय?'"

वरून आईची हाक आली. "आला का गं तो?"

"आला," ताई ओरडली. ती याच्या पुढे पुढे जिना चढू लागली, आणि कॅसेटवाल्याला पहिल्यांदाच त्या साध्या प्रश्नाची भीती वाटली.

६

बसायची खोली छान उजेडाची होती. भिंतीवर तो नवा टीव्ही, समोर लांब सोफा. आई एका टोकाला बसली होती, बायको दुसऱ्या. मधली जागा रिकामी होती. कॅसेटवाल्याने पेनड्राइव्ह लावला, रिमोट घेतला आणि स्वतःची फाइल सुरू केली.

चित्र काय सुंदर आलं! एकही दात नाही. फुगे, केक, श्वास रोखलेली मंडळी, आणि खुर्चीत हा. तो टीव्हीकडे बघत नव्हता, आईकडे बघत होता.

आई पुढे झुकली. चष्मा वर-खाली केला. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हा एकटाच?" ती म्हणाली.

"आई," ताई मध्ये पडली, "नव्या टीव्हीवर असंच येतं गं. छान दिसतंय की!"

"एकटाच कसा? मी सांगितलं होतं ना, जसंच्या तसं दे म्हणून?" आता ती याच्याकडे वळली. नजर नेहमीसारखी कानाजवळून पलीकडे. "माझं पोर कुठंय?"

खरं उत्तर सोपं होतं. दोन्ही राहू शकतात. ओळींना हात लावायचा नाही, टीव्हीला सेटिंग लावायचं; हजारदा सांगितलेलं वाक्य. ते ओठांवर आलंसुद्धा. पण माणसाला एकदा कळून घ्यावंसं वाटतं. इतकी वर्षं ज्या दारात उभे आहोत, ते दार आपलं आहे का, हे ठोठावून बघावंसं वाटतं. तो खोटं बोलला.

"दोन्ही राहत नाहीत, आई. नव्या टीव्हीवर दोघांतला एकच ठेवता येतो. दुसरा कायमचा जातो."

ताईने तोंडावर हात ठेवला. बायको आपल्या बांगड्यांकडे बघत राहिली. त्याला वाटलं, आई रडेल. निदान म्हणेल, असं कसं रे, दोघंही माझेच. निदान थोडा विचार तरी करेल.

"मग त्याला ठेव," आई म्हणाली.

चटकन म्हणाली. दुकानात दोन रंग दाखवल्यावर सांगतात तसं. आणि तिच्या आवाजात राग नव्हता, दुष्टावा नव्हता. उलट, याला वाईट वाटेल अशी शंकाही तिला आली नव्हती. तो बायकोकडे वळला. तिने वर बघितलं नाही, पण मान हलवली. एकदाच, होकाराची.

"लाव ना," आई म्हणाली. "किती वेळ?"

बटण त्याच्याच अंगठ्याने दाबलं. दुसरी फाइल सुरू झाली. तेच फुगे, तोच केक, आणि खुर्चीत गोल चेहऱ्याचा, एक कान बाहेर आलेला मुलगा. आई हसली. इतकं मोकळं हसताना त्याने तिला कधी बघितलं नव्हतं. बाबांचा आवाज आला, "झालं," आणि त्या मुलाने मान वळवली. या वेळी तो कॅमेऱ्यात बघत नव्हता. तो सोफ्याच्या मधल्या जागेकडे बघत होता.

सोफ्याची गादी कुरकुरली.

"अहो, या ना," बायको म्हणाली. आवाज हळुवार, हसरा. "बसा इथे."

तेवढ्या एका हाकेने कॅसेटवाल्याला हुंदका फुटला. हीच एक आपली निघाली, असं वाटून तो पुढे सरकला. बायकोने पदर आवरून शेजारी जागा केली होती. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या आणि आईच्या मधली गादी खोल दबलेली होती, आणि दोघीही आत कलल्या होत्या, कुणीतरी जड माणूस मध्ये येऊन बसल्यावर कलतात तशा.

"ताई," तो म्हणाला. "ताई, मी इथे आहे."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले होते. क्षणभर तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती, मग कानाजवळून पलीकडे गेली. तिने त्याच्या हातातला रिमोट हलकेच काढून घेतला, आणि आईला नीट ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला.